पशुपतिनाथाची टोपडी

तांडापेठेतल्या धकात्यांच्या घरी गावाला न्यायची पत्र्याची पेटी एकच होती, आणि तिच्यात बाराही महिने तांदूळ असत. त्यामुळे त्या घरातून कुणी निघायचं म्हटलं की आधी तांदूळ हलायचे. तांदूळ हलले की भिंतीपलीकडे यमुताईला ऐकू जायचं, आणि यमुताईला ऐकू गेलं म्हणजे गोळीबार चौकापर्यंत पोचलंच.

हे ठाऊक होतं म्हणून अनुसयेनं त्या दिवशी पेटी पालथी केली नाही. वाटीवाटीनं तांदूळ काढून पिंपात असे सोडले, जसा नैवेद्यावर तुपाचा थेंब सोडावा. अर्धा तास हे चाललं. यमुताईनं अर्धा तास ऐकून घेतलं आणि मग दारात येऊन उभी राहिली. यमुताईचा आवाज म्हणजे तेल न घातलेली रहाटगाडी. सुरुवातीला कुरकुर, आणि मग एकदा फिरायला लागली की थांबणं नाही.

"काहून वं अनुसया, तांदूळ मोजून राहिली का पेटी रिकामी करून राहिली?"

अनुसयेला खोटं बोलता येत नसे. म्हणजे बोलायला तिची ना नव्हती, पण बोलायला लागली की कुणी न विचारलेले तपशील बाहेर पडायचे. खरं बोलताना तिचं वाक्य तीन शब्दांचं. खोटं म्हटलं की पुराण.

"पशुपतिनाथाले जातो," ती म्हणाली. "नेपाळात. नवस होता नं. आत्याबाईचा. म्हणजे त्यायच्या बापाचा. थे वारले, मंग राहूनच गेला. सोळा साल झाले. नाई, सतरा. त्या सालीच आमची बकरी मेली."

आत्याबाई म्हणजे सासू मैनाबाई. ती आत चुलीपाशी बसून हे ऐकत होती, आणि मेलेल्या बापाचा नवस आपल्या गळ्यात पडला हे कळल्यावर तिनं फक्त फुंकणी जोरात फुंकली.

खरं काय होतं ते त्या घरात तिघांनाच ठाऊक. अनुसयेची धाकटी बहीण कांता हिचा नवरा रवींद्र, नेपाळात बिरगंजच्या एका साखर कारखान्यात फिटर होता. कांतेला आधीची दोन लेकरं, आणि दसऱ्याच्या आधी जुळ्या मुली झाल्या. दिवाळीत कार्ड आलं. कार्डावर पोस्टमनही वाचतो, म्हणून कांतेनं एवढंच लिहिलं होतं : "ताई, दोन चादरी आल्या आहेत. मला एकच पुरते. भाऊजींना घेऊन लवकर ये." अनुसयेच्या नवऱ्याला, जागेश्वरला, दोन दिवस वाटत राहिलं की मेहुणी नेपाळात चादरींचा धंदा करते. अनुसया मात्र कार्ड वाचून मागच्या अंगणात गेली आणि रिकामी बादली भरायला बसली, नळाला पाणी नसताना.

तिच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. कूस उजवली नव्हती. सात वर्षांपूर्वी उमरेडच्या चुलतदिरानं आपला चौथा मुलगा देतो म्हटलं, तेव्हा अनुसयेनं सगळ्या पेठेत पेढे वाटले होते. लाकडी पाळणा घेतला, एसटीच्या टपावर टाकला, नवरा-बायको वाजतगाजत गेले. उमरेडला दारातच दीर म्हणाला, रात्रीतून बायकोचं मन फिरलं. पाळणा त्याच एसटीच्या टपावरून परत आला. ते दुःख अनुसयेनं गिळलं. गिळता आलं नाही ते पुढचं. दोन महिने पेठ समजूत काढायला येत होती. एक जण उठला की दुसरा बसायचा. यमुताई रोज सकाळी, "जाऊ दे वं, देवाच्या मनात नसन." पेठेतले भैयाजी रोज संध्याकाळी, "पाळणा विकाचा असन तं सांगजो, गिऱ्हाईक हाये." कुणाचं चुकत नव्हतं, पण माणसाला आपल्या घरात तोंड लपवायला जागा उरली नव्हती.

म्हणून या वेळी तिनं नवऱ्याला आणि सासूला देव्हाऱ्यापुढे बसवून सांगितलं, "हातात येईपर्यंत कोनालेच नाई सांगाचं. खाली हात आली तं चुपचाप आपल्या घरात शिरीन. पुन्हा थे बसाले येनारे नाई पायजेत मले."

मैनाबाईनं त्यात आपली अट घातली. लेकरू मांडीवर येण्याआधी लेकराची एकही वस्तू घरात आणायची नाही, शिवायची नाही, पेटीत घालायची नाही. मागच्या खेपेला पाळणा आधी घेतला, तिथंच दृष्ट लागली, हे तिचं ठाम मत. "टोपडं नाई, लंगोट नाई, धागाबी नाई," ती म्हणाली.

"मंग तीन दिवसाच्या गाडीत लेकरू कशात गुंडाळाचं?" जागेश्वरनं विचारलं.

"पदरात. देवानं बाईले पदर कायले देल्ला?"

असो. पशुपतिनाथ एकदा दारात निघाल्यावर संध्याकाळपर्यंत पेठभर झाला, आणि रात्रीतून त्याचं फॉरेन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी भैयाजी येऊन ओट्यावर बसले. भैयाजी रेल्वेच्या पार्सल हापिसातून निवृत्त झालेले. स्वतः बडनेऱ्याच्या पलीकडे गेले नव्हते, पण त्यांनी चिकटवलेली लेबलं कलकत्त्यापर्यंत गेली होती, आणि ते स्वतःचा प्रवास त्यातच धरायचे. बोलताना प्रत्येक वाक्यावर शिक्का मारल्यासारखी मांडीवर थाप.

"परदेश म्हणजे परदेश, जागेश्वर. पासपोर्ट लागते."

"नेपाळले नाई लागत म्हनतेत, भैयाजी."

"नाई लागत थे वेगळं," भैयाजींनी थाप मारली. "पन लागते."

मग त्यांनी मार्ग सांगितला. इटारसीला गाडी बदला, पाटण्याला उतरा, गंगा आगबोटीनं ओलांडा, पलीकडे छोटी लाईन पकडा, रक्सौलला उतरा, आणि तिथून परदेश टांग्यानं. टांग्यानं जायचा परदेश ऐकून जागेश्वर जरा हिरमुसला. पण भैयाजींनी आणखी एक गोष्ट सांगितली, की तिकडची घडी आपल्यापेक्षा दहा मिनिटं पुढे असते. हे जागेश्वरला फार आवडलं. त्यानं लगेच घरातलं गजराचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं, सवय व्हावी म्हणून. त्या आठवड्यात कुणी वेळ विचारली की तो आधी विचारायचा, "इकडची का तिकडची?"

मागण्या सुरू झाल्या. काठमांडूत फॉरेनचा माल मिळतो हे पेठेला ठाऊक होतं. अनुसयेला काठमांडूला जायचंच नव्हतं, पण हे सांगता येईना. कुणाला जपानी छत्री, कुणाला ट्रान्झिस्टर, कुणाला एकमुखी रुद्राक्ष. यमुताईनं नायलॉनचं पातळ सांगितलं. ज्या पेठेत घरटी माग चालतो, सकाळपासून खटाक-खटाक धोटे फिरतात, तिथल्या बाईनं नायलॉन मागावं. जागेश्वरनं नुसतं पाहिलं.

"पायतो काहून गा असा?" यमुताई म्हणाली. "तुह्या बायकोनं सुताच्या कांड्या भरून भरून बोटं झिजवली. तिलेबी आनजो एक."

त्यातच मैनाबाईनं कांतेसाठी डिंकाचे लाडू करायला घेतले. दोन लेकरांना पाजणारी बाई, तिला ताकद हवी. तुपात डिंक फुलला आणि वास भिंतीवरून पलीकडे गेला. डिंक कुणासाठी तळतात हे सगळ्या जगाला ठाऊक. रहाटगाडी दारात हजर.

"डिंक वं? घरात कोन बाळंत झालं?"

अनुसया पुराण उघडणार तोच मैनाबाई म्हणाली, "जागेश्वरच्या कमरेत उसण भरली."

झालं. पुढचे तीन दिवस जागेश्वरला पेठेतून कमर धरून चालावं लागलं. पहिल्या दिवशी उजवी धरली, दुसऱ्या दिवशी डावी. तिसऱ्या दिवशी भैयाजींना पाहून दोन्ही धरल्या. "वाढली काय गा?" भैयाजींनी काळजीनं विचारलं. "फिरती हाये," जागेश्वर म्हणाला.

पण हे सगळं खपलं. पेठेनं उसण खपवून घेतली, मैनाबाईच्या मेलेल्या बापाचा नवस खपवून घेतला. जे खपलं नाही ते जागेश्वरनं स्वतःच्या हातानं केलं, आणि ते विणणाऱ्या कोष्ट्याशिवाय दुसरा कुणी करणार नाही.

त्याच्या डोक्यात ते गुंडाळायचं घोळत होतं. पौषाच्या तोंडावरची थंडी, गंगेवरचा वारा, आणि लेकरू नुसत्या पदरात. मायनं लेकराची वस्तू घ्यायची नाही म्हटलं होतं. लुगड्याचं काही म्हटलं नव्हतं. लुगडं बाईमाणसाचं, त्यात लेकराचं काय? कांतेला लुगडं नेणं तर रीतच होती. म्हणून त्यानं मागावर एक नऊवारी लावलं, बारीक सुताचं, आणि विणून झाल्यावर पदरापुढे आणखी अडीच हात साधं विणलं. तेवढं फाडून घेतलं की झालं दुपटं. आणि दुपटं पेटीत नाही, लुगडं पेटीत. आपल्या या अकलेवर तो इतका खूश झाला की अनुसयेलाही त्यानं सांगितलं नाही.

अडचण एकच. मागावरून उतरलेलं लुगडं खळीनं कडक असतं. खळ म्हणजे कोष्ट्याची अब्रू. गिऱ्हाईक चिमटीत काठ धरून वाजवून पाहतं. कडक वाजलं तर माल. म्हणून कोष्टी कोरं लुगडं कधी धूत नाही, देणाऱ्या-घेणाऱ्यासाठी तर नाहीच. फक्त एकाच प्रसंगी पेठेत कोरं कापड धुऊन मऊ करतात, घरात नवं लेकरू यायचं असलं म्हणजे. हे जागेश्वरला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या लक्षातच आलं नाही. सोळा वर्षं त्याच्या घरात ते कधी करावं लागलं नव्हतं.

बुधवारी सकाळी तो नळावर बसला आणि कोरं करकरीत लुगडं बादलीत बुडवलं. पिळलं, आपटलं, पुन्हा बुडवलं. पाणी पांढरं निघालं. दुसऱ्यांदा जरा कमी पांढरं. तिसऱ्यांदा गालाला लावून पाहिलं. चौथ्यांदा पुन्हा गालाला. तोंडानं मोठ्या मजेत काहीतरी गुणगुणत होता, कमर धरायची साफ विसरून.

पाचव्या पाण्याला त्याच्या लक्षात आलं, की पेठेत फार शांतता आहे. एकही धोटा वाजत नव्हता. दारादारांत माणसं उभी होती आणि त्याच्या बादलीकडे पाहत होती. यमुताई हातात दातवण घेऊन उभी होती आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलत नव्हती.

"खळ जास्त झाल्ती," जागेश्वर म्हणाला.

एकेक जण आत गेला. मग एक माग सुरू झाला, मग दुसरा.

अनुसयेनं ऐकलं आणि ती दारात आली. "झालं," ती म्हणाली. "आता बसाले येतीन." जागेश्वर ओलं लुगडं छातीशी धरून उभा होता, आणि त्याच्या पोटावरून पाणी ओघळत होतं. तिला रागवायचं होतं. पण तिनं लुगड्याचं टोक हातात घेतलं, चुरलं, आणि त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "आनखी दोन पान्यातून काढा. काठाजवळ कडकच हाये."

दुपारी यमुताई आली. अनुसया उभ्यानंच तयार होती, डोळे कोरडे, तोंड बंद. यमुताईनं पदराखालून काजळाची डबी काढली.

"महादेवाच्या डोळ्याले लावजो," ती म्हणाली.

अनुसया तिच्याकडे पाहत राहिली.

"पाहून काय राहिली? पशुपतिनाथाले नं जाऊन राहिली तू? मंग. घरचं काजळ हाये, तुपाचं. लागत नाई डोळ्याले."

"तीन डोळे हायेत त्याले," अनुसया सावकाश म्हणाली. "एवढंसं पुरन काय?"

"लहान डोळे असन त्याचे," यमुताई म्हणाली, आणि वळून चालू लागली.

त्यानंतर रांग लागली. समोरच्या धोंडबाच्या बायकोनं लोकरीचं टोपडं आणलं, कानाशी लाल गोंडे लावलेलं. "डोंगरात रायते म्हनतेत देव. थंडी वाजत असन." कुणी सहा त्रिकोणी फडकी आणली, देवाच्या आंघोळीनंतर पुसायला. कुणी खुळखुळा आणला, आरतीला. कुणी ग्राइपवॉटरची बाटली आणली आणि देवाला त्याचं काय, हे काही केल्या सुचेना, म्हणून "तीर्थ म्हून ठेवजो" म्हणून पळून गेली. भैयाजींनी पायमोज्यांची एवढीशी जोडी आणली आणि मांडीवर थाप मारून सांगितलं की हे नंदीला आहेत. "नंदीचे चार पाय असतेत, भैयाजी," जागेश्वर म्हणाला. "थे वेगळं," भैयाजी म्हणाले.

कुणी एकदाही लेकरू हा शब्द उच्चारला नाही. कुणी बसलंही नाही. उंबऱ्यावरूनच वस्तू द्यायची, देवाचं नाव घ्यायचं आणि जायचं. न बोलणं पेठेला इतकं जड जात होतं, की दोघी-तिघी तर तोंडावर हात ठेवूनच आल्या.

संध्याकाळी चटईवर ढीग झाला. मैनाबाई त्याच्यापुढे बसली होती. पेटीत लेकराची वस्तू जाणार नाही हा तिचा शब्द होता, आणि ती शब्दाची पक्की. तिनं टोपडं उचललं, गोंडे ओढून पाहिले, उलटं करून शिवण पाहिली.

"कोनाचं हाये हे?" तिनं विचारलं.

"देवाचं," अनुसया म्हणाली. तीन शब्दही नाहीत, एकच.

"मंग देवाच्या वस्तूले नाई म्हनू नये," मैनाबाई म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं तिनं पेटी भरली. खाली टोपडी, त्यावर फडकी, त्यावर डिंकाचे लाडू, आणि सगळ्यांत वर ते लुगडं, सात पाण्यांतून काढलेलं. जागेश्वरच्या सदऱ्याला जागा उरली नाही. तो म्हणाला, अंगावर आहे तेवढा पुरे.

शुक्रवारी स्टेशनवर यमुताई आली. गाडी सुटायला आली तसं तिनं खिडकीच्या गजातून हात आत घालून अनुसयेचं मनगट धरलं, आणि रहाटगाडी एकदम हलक्यानं बोलली.

"पावला तं पावला. नाई पावला तं सीधी घरी येजो. मी कोनाले तुह्या दारात येऊ देनार नाई. मीबी नाई येनार."

गाडी हलली. यमुताई खाली राहिली. अनुसया इटारसीपर्यंत तेच मनगट धरून बसली. जागेश्वरनं दोनदा वेळ सांगितली, इकडचीही आणि तिकडचीही.

बिरगंजला कांतेचं घर म्हणजे कारखान्याच्या चाळीतल्या दोन खोल्या. दोन्ही मुली एका खाटेवर होत्या. एक झोपलेली, दुसरी अशी कोकलत होती की खिडकीतल्या चिमण्या उडाल्या. कांतेनं बहिणीला पाहिलं, गळ्यात पडली, रडली, आणि मग भिंतीकडे तोंड करून बसली.

"माह्यानं उचलून देनं नाई होत, ताई. तूच घे. कोनती घेतो थे सांगू नको मले. मी पलटून पाहीन तवा समजन."

अनुसया खाटेपाशी जाऊन थांबली. उमरेडचं दार तिच्यापुढे उभं राहिलं. आता ही पलटेल आणि म्हणेल, राहू दे. रवींद्रला ते थांबणं सोसेना. तो बिचारा खाकरून म्हणाला, "हे निजलेली न्या नं, मोठीबाई. लई शहाणी हाये, आवाज नाई करत."

"शहाणी राहू द्या कांतेले. तिले झोप पायजे," अनुसया म्हणाली. "आमच्या पेठेत दिवसभर माग वाजते. तिथं असंच पायजे, ज्याचा आवाज मागावरून ऐकू येईन." आणि तिनं कोकलणारी उचलली. पोरगी क्षणभर गप्प झाली, नवीन माणसाला नीट पाहून घेतलं आणि दुप्पट जोरानं सुरू झाली. भिंतीकडे तोंड असलेली कांता रडता रडता हसली. कोणती गेली ते तिला न पलटताच समजलं.

तिसऱ्या दिवशी परतीचा टांगा सीमेवरच्या नाक्यावर थांबला. नाक्यावरचा साहेब नेपाळातून येणाऱ्यांची पेट्या-बोचकी उघडून ट्रान्झिस्टर शोधत होता. त्यानं या दोघांना पाहिलं, मांडीवरचं कोकलतं गाठोडं पाहिलं. जाताना नाक्यावर दोघंच होती हे त्याला आठवत असावं.

"नेपाल से क्या लाये?"

जागेश्वरच्या तोंडून सवयीनं निघालं, "साब, वो पशुपतिनाथ का..."

"बच्चा किसका है?" साहेबानं त्याला थांबवून विचारलं.

रांग मागे थबकली. अनुसयेच्या तोंडात पुराण तयार होतं. बहिणीचं आहे, जुळ्या झाल्या, कार्ड आलं, त्यात चादरी लिहिल्या होत्या. ते सगळं तिथंच राहिलं.

"मेरी लडकी है," ती म्हणाली.

तीनच शब्द. साहेबानं मान हलवली आणि वहीत पेन्सिल टेकवली.

"नाम?"

आता आली पंचाईत. मैनाबाईच्या भीतीनं दोघांनी नाव हा विषय मनातसुद्धा आणला नव्हता.

"अवो, सांगा नं काहीतरी," अनुसया कुजबुजली.

"पुष्पलता," जागेश्वर म्हणाला.

"थे तुमच्या मामेबहिणीचं. तिनं सासूले घराबाहेर काढलं."

"मंग लतिका."

"शाळेत लिहाले कठीण जाते."

"तूच सांग मंग. मले काय, पेठभर नावं येतेत."

"घाई कायची हाये? नाव काय बाजारात भेटते?"

मागच्या टांग्यातला व्यापारी शिट्ट्या मारायला लागला. पोरगी ओरडत होती. घोडीनं दोनदा पाय आपटला. साहेबानं पेन्सिल कानावर ठेवली, कपाळ दाबलं आणि हातानं टांग्याला पुढे व्हायची खूण केली. "घर जाके रखना, बाबा. घर जाके. लाइन छोडो."

टांगा रक्सौलच्या बाजाराला लागेपर्यंत दोघं भांडत होती. अखेर टांगेवाल्यालाच राहवलं नाही, त्यानं मागे वळून दोन चांगली नावं सुचवली. त्यातलं एक त्याच्या घोडीचं होतं.